रँटी मार्टिन्स : गोव्याचा आफ्रिकी गोलवीर आणि खाणीचा पैसा

(राजूर, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ येथे कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोळसा आणि चुना यांच्या धुळीत ज्या गावाचा दिवस उगवतो आणि मावळतो, त्या राजूरमध्ये फुटबॉलच्या एका नायजेरियन खेळाडूविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न सभेतील पुष्कळांच्या मनात आला असेल. तो रास्तही आहे. कापसाचा भाव, खाणीतील ठेकेदारी, उन्हाळ्यातील पाणी हे विषय संपलेले नाहीत. परंतु राजूरसारखी गावे मुळात बाहेरून आलेल्या माणसांच्या श्रमावर वाढली आहेत. वर्धा खोऱ्यातील कोळशासाठी आणि चुनाभट्ट्यांसाठी ज्यांनी अंग झिजवले, त्यांतील कितीतरी जण घरी तेलुगू, छत्तीसगढी किंवा भोजपुरी बोलत. बाहेरून आलेल्या माणसाचे श्रम हवेत आणि माणूस मात्र नको, ही वृत्ती या पट्ट्याला अपरिचित नाही. तीच वृत्ती हजार किलोमीटर दूर गोव्यात, हिरव्या मैदानावर आणि विजेच्या झोतात कशी वागली, हे रँटी मार्टिन्सच्या कहाणीत दिसते. दुसरे साम्य असे की, राजूरप्रमाणेच गोव्यातील त्या खेळाच्या मुळाशीही खाण होती.

रँटी 2004 मध्ये गोव्यात आला. पण आफ्रिकेचा माणूस गोव्यात येण्याची ही पहिली वेळ नव्हे. पोर्तुगीज जहाजांनी मोझांबिकच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून आणली आणि गोव्यात गुलाम म्हणून विकली. हा व्यापार शतकानुशतके चालला. पुढे गुलामगिरी कायद्याने गेली, तरी साम्राज्य राहिले, आणि 1950 नंतरच्या दशकात गोव्यातील जनतेवर बंदूक रोखण्यासाठी आफ्रिकी वसाहतींतूनच शिपाई आणले गेले. एका गुलाम देशावर पहारा ठेवायला दुसऱ्या गुलाम देशातील माणूस उभा करायचा, ही साम्राज्यशाहीची जुनी काटकसर आहे.

18 जून 1946 रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली. 1955 मध्ये नानासाहेब गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. मधू लिमयांना त्याच लढ्यात बारा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली आणि एकोणीस महिने त्यांनी पोर्तुगीज तुरुंगात काढले. हा इतिहास कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. त्याच सुमारास त्याच मालकाच्या दुसऱ्या वसाहतीत, मोझांबिकमधील लोरेंसो मार्केस शहराच्या गरीब वस्तीत, एक मुलगा चिंध्यांच्या चेंडूने अनवाणी खेळत होता. त्याचे नाव युसेबियो. 1942 चा त्याचा जन्म. 1960 च्या अखेरीस लिस्बनच्या बेनफिका क्लबने त्याला उचलून नेले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, आणि त्यानंतर साडेचार महिन्यांनी अॅमस्टरडॅममध्ये युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात युसेबियोने रेआल माद्रिदविरुद्ध दोन गोल केले. बेनफिकाने तो सामना 5-3 असा जिंकला. 1966 च्या विश्वचषकात त्याने नऊ गोल केले. उत्तर कोरियाविरुद्ध पोर्तुगाल तीन गोलांनी मागे असताना एकट्या युसेबियोने चार गोल चढवले. पोर्तुगालचा त्या वेळचा कर्णधार मारियो कोलुना हाही मोझांबिकचाच.

गंमत अशी की, ज्या वर्षी या दोघांनी पोर्तुगालची शान जगभर मिरवली, त्या वर्षी मोझांबिकमध्ये पोर्तुगालविरुद्धचे सशस्त्र युद्ध सुरू होऊन दोन वर्षे उलटली होती. इटलीतील क्लब मोठी रक्कम घेऊन उभे होते, पण सालाझारने जाऊ दिले नाही, असे युसेबियो पुढे स्वतः सांगत असे. राष्ट्राची संपत्ती म्हणून ज्याचा गौरव झाला, त्याला स्वतःच्या पायांची किंमत स्वतः ठरवण्याचा अधिकार नव्हता. संपत्ती हा शब्द माणसाला लावला जातो तेव्हा कार्यकर्त्याने कान टवकारले पाहिजेत.

आता गोव्याच्या मैदानाकडे वळू. गोव्यात फुटबॉल 1883 मध्ये एका ब्रिटिश धर्मगुरूने शिवोलीत आणला, असे मानले जाते. पाडेली, रेंदेर, मच्छीमार, दर्यावर्दी, शाळामास्तर अशा सर्वांनी तो उचलला आणि गावोगावच्या चर्चसमोरच्या पटांगणात तो रुजला. मात्र गावच्या खेळाचे क्लबच्या खेळात रूपांतर झाले ते लोहखनिजाच्या पैशावर. साळगावकर क्लब 1956 चा, धेंपो क्लब 1960 नंतरच्या दशकातला. दोन्ही खाणमालक घराण्यांचे. डोंगर पोखरून निघालेले लाल खनिज बार्जेसमधून मांडवी आणि जुवारीवाटे बंदराला जाई, तेथून जपानला आणि पुढच्या काळात चीनला. त्या नफ्याचा अल्पसा अंश फुटबॉलवर खर्च होई, आणि रविवारी ट्रकचालक, बार्जवरचा खलाशी व खाणकामगार त्याच मालकाच्या नावाचा जयघोष करत मैदानात बसे.

यात सगळेच खोटे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. या क्लबांनी गोव्यातील गरीब घरच्या मुलांना नोकऱ्या दिल्या, बूट दिले, प्रशिक्षक दिले. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक आणि ब्रुनो कुतिन्होसारखा आघाडीपटू त्या मातीतूनच देशाला मिळाला. मालकाची हौस आणि कामगाराचा आनंद यांची गाठ कधीकधी पडते, हे मान्य करायला समाजवाद्यांना संकोच वाटण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच असतो की, हौस फिटली म्हणजे आनंदाचे काय होते.

भारतात आफ्रिकी आघाडीपटूचे युग सुरू केले ते नायजेरियाच्या चिमा ओकोरीने. 1980 नंतरच्या दशकात तो शिक्षणासाठी भारतात आला आणि कोलकात्याच्या तिन्ही मोठ्या क्लबांकडून खेळला. पुढे घानाचा युसुफ याकुबू आला. 2002-03 च्या राष्ट्रीय लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सकडून त्याने 21 गोल केले, आणि नंतर मुंबईच्या महिंद्र युनायटेडचा तो आधारस्तंभ झाला. 2005-06 मध्ये महिंद्रने राष्ट्रीय लीग जिंकली. महाराष्ट्रातील फुटबॉलचा तो मोठा दिवस होता. टाटा, मफतलाल, ऑर्के अशा गिरण्या-कंपन्यांच्या संघांची जी परंपरा मुंबईने कूपरेजवर पाहिली, तिची ती शेवटची ज्योत. 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला.

रँटी मार्टिन्स 2004 मध्ये धेंपो क्लबकडे आला तेव्हा तो अगदी कोवळा होता. त्याच हंगामात क्लबने ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरलाही आणले होते. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूरच्या कंठीरव मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना मोहन बागानशी झाला. ज्युनियरने दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो कोसळला, आणि पुन्हा उठला नाही. मैदानावर तातडीच्या वैद्यकीय मदतीची तयारी अपुरी होती, अशी टीका त्या वेळी सर्वत्र झाली. धेंपोने चषक जिंकला आणि ज्युनियरचा 10 क्रमांकाचा सदरा कायमचा बाजूला ठेवला. राजूरच्या श्रोत्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. खाणीत अपघात होतो तेव्हाही पहिला प्रश्न रुग्णवाहिका कोठे होती हाच असतो, आणि तो प्रश्न माणूस गेल्यावरच विचारला जातो. घरापासून हजारो कोस दूर, भाषा न जाणणाऱ्या एका तरुण परदेशी खेळाडूने भारतातील आपल्या पहिल्याच हंगामात सहकाऱ्याचा असा मृत्यू पाहिला, आणि त्याच मोसमात धेंपोने प्रथमच राष्ट्रीय लीग जिंकली.

त्यानंतरची आठ वर्षे रँटीची होती. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखालील धेंपो संघ हा भारतीय फुटबॉलमधील एक दुर्मीळ संघ होता. कुलासो हे स्थानिक प्रशिक्षक, आणि क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा अशी गोव्याची मुले त्या संघाचा कणा. त्यांच्या जोडीला ब्राझीलचा बेटो मध्यभागी आणि रँटी पुढे. 2004-05, 2006-07, 2007-08, 2009-10 आणि 2011-12 अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे या संघाने मिळवली. 2008 मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकात उपांत्य फेरी गाठली.

रँटीचा खेळ डोळे दिपवणारा नव्हता. मैदानभर नाचत सुटणारा तो खेळाडू नव्हे. गोलक्षेत्राच्या तोंडाशी बचावपटूला पाठीवर घेऊन चेंडू थोपवून धरावा, क्षणभर थांबावे, वळावे, आणि जाळ्याच्या ज्या कोपऱ्यात गोलरक्षक नाही तेथे तो सरकवावा, हे त्याचे काम. हे काम तो आठवड्यामागून आठवडे, पावसात आणि उन्हात, कुशल गवंड्याने वीट बसवावी तितक्या सहजपणे करत असे. 2010-11 च्या आय-लीगमध्ये त्याने 30 गोल केले. पुढच्या, 26 फेऱ्यांच्या हंगामात 32. त्याआधीची चार वर्षे सर्वाधिक गोलांचा मान चर्चिल ब्रदर्सच्या ओडाफा ओकोलीकडे होता, आणि तोही नायजेरियन. 2006-07 पासून अनुक्रमे 18, 22, 26 आणि 22 असे ओडाफाचे गोल. म्हणजे सलग सहा वर्षे देशातील सर्वांत यशस्वी गोलवीर गोव्यातील क्लबचा आणि नायजेरियाचा होता. मडगावच्या फातोर्डा मैदानावर धेंपो आणि चर्चिल समोरासमोर आले की, सबंध सासष्टी आणि तिसवाडी रँटी की ओडाफा या वादात विभागली जाई.

2012 हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. रँटीने गोवा सोडला, आणि गोव्यातील खाणी थांबल्या. बेकायदा उत्खननाविषयीचा न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने काम स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. धेंपो घराण्याने आपला खाण व्यवसाय 2009 मध्येच विकून टाकला होता. बंदीचा फटका खाण कामगार, ट्रकमालक, बार्जवरचे खलाशी यांना बसला, आणि ज्यांनी डोंगर पोखरून संपत्ती जमवली त्यांची संपत्ती तशीच राहिली. पर्यावरणाचा विध्वंस थांबलाच पाहिजे होता, यात शंका नाही. परंतु विध्वंसाचा नफा एकाने घ्यायचा आणि तो थांबवण्याचा खर्च दुसऱ्याने भरायचा, हा हिशेब न्याय्य नव्हता.

रँटी कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला. 2012-13 मध्ये तेथेही त्याने 26 गोल करून पहिला क्रमांक राखला. 2013 मध्ये ज्या उद्योगसमूहाचे नाव क्लबने लावले होते तो बाजूला झाला, क्लब आपल्या जुन्या नावावर परत आला आणि आर्थिक विवंचनेत सापडला. रँटी पुढे शिलाँगच्या रंगदाजिद युनायटेडकडून खेळला, तेथून ईस्ट बंगालकडे गेला. 2014-15 मध्ये 17 आणि 2015-16 मध्ये 12 गोल करून तो पुन्हा अव्वल ठरला. राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून त्याच्या नावावर दोनशेहून अधिक गोल जमा झाले.

आकड्यांचा हा डोंगर पाहून, तो लाखो रुपये मिळवत होता, मग त्याला कामगार कसे म्हणावे, असे कोणी म्हणेल. आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. परदेशी आघाडीपटूचे मानधन चुनाभट्टीवरच्या मजुराच्या रोजाशी तोलता येणार नाही, हे उघड आहे. पण वेतनाचा आकडा आणि कामाचा संबंध या दोन गोष्टी भिन्न आहेत. परदेशी खेळाडूचा करार बहुधा एका-दोन हंगामांचा असतो. त्याचा देशात राहण्याचा परवाना मालकाच्या पत्रावर अवलंबून असतो. गुडघा गेला की करार गेला, करार गेला की परवाना गेला. पगार थकला तर भांडायचे कोणाच्या जोरावर? भारतात फुटबॉलपटूंची संघटना उभी राहिली तीच मुळी 2006 मध्ये. तोपर्यंत खेळाडू आणि क्लब यांच्यामध्ये मालकाच्या शब्दाखेरीज काही नव्हते. कोळशावरील मातीचा थर काढण्याचे काम ठेकेदाराकडे गेल्यावर कायम कामगार आणि ठेक्यावरचा कामगार यांच्यात जी भिंत उभी राहिली, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. 1973 मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा ही भिंत पडेल अशी आशा होती. ती वेगळ्या विटांनी पुन्हा बांधली गेली.

आणखी एक आक्षेप खुद्द फुटबॉलप्रेमी घेतात, आणि तो अधिक गंभीर आहे. क्लबांनी गोल करण्याचे काम परदेशी माणसावर सोपवले, म्हणून भारतीय आघाडीपटू घडले नाहीत, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. सुनील छेत्रीनंतर देशाच्या संघाला तोलाचा गोलवीर सापडायला फार अडचण पडली. परंतु दोष रँटीचा की व्यवस्थेचा? ज्या देशात जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांसाठी नियमित स्पर्धा नाहीत, शाळांची मैदाने इमारतींनी गिळली, तेथे वीस वर्षांचा तयार गोलवीर आकाशातून पडणार नाही. क्लबांना आजचा विजय हवा होता आणि तो बाहेरून विकत मिळत होता. स्थानिक माणसाला कौशल्य शिकवण्याचा खर्च टाळायचा, बाहेरून तयार माणूस आणायचा, आणि मग स्थानिकाने बाहेरच्याचा द्वेष करावा म्हणून मोकळे व्हायचे, हे गणित फुटबॉलच्या मालकांनी शोधलेले नाही. खाणींत आणि भट्ट्यांवर ते फार आधीपासून चालत आले आहे.

या द्वेषाचे उघडे रूप गोव्याने 2013 मध्ये पाहिले. ऑक्टोबरच्या अखेरीस पर्रा येथे एका नायजेरियन नागरिकाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीजवळ राष्ट्रीय महामार्ग अडवला. मारामारी झाली, अटका झाल्या. त्यानंतर जे उसळले ते एका गुन्ह्याविषयीचे राहिले नाही. राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली. टीका झाल्यावर त्याने दिलगिरी व्यक्त केली, पण शब्द सुटून गेला होता. काही ठिकाणी नायजेरियनांना घरे भाड्याने देऊ नयेत, अशी भाषा झाली. अमली पदार्थांचा व्यापार गोव्यात होता आणि त्यात काही परदेशी माणसे होती, हे नाकारण्याचे कारण नाही. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु त्या व्यापारातील गिऱ्हाईक, घरमालक आणि आश्रयदाते यांची कातडी काळी नव्हती, म्हणून त्यांच्या जातीला किंवा देशाला कोणी रोगाचे नाव दिले नाही.

रँटीला गोवा सोडून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. ज्या हातांनी आठ वर्षे त्याच्या गोलांना टाळ्या दिल्या, त्यांतील काही हात त्या आठवड्यात मुठी आवळून उभे होते. आणि हेही नमूद केले पाहिजे की, गोव्यातच अनेकांनी, लेखकांनी, वकिलांनी, सामान्य माणसांनीही, त्या भाषेचा जाहीर निषेध केला. गोवेकर स्वतः पिढ्यानपिढ्या पोटासाठी देशांतर करत आला आहे. त्याचे आजोबा-पणजोबा टांझानियात, केनियात, मोझांबिकमध्ये कारकून, शिंपी, स्वयंपाकी म्हणून गेले आणि आफ्रिकेने त्यांना जागा दिली. आठवण करून देण्याजोगी ती गोष्ट होती, आणि काहींनी ती करून दिली.

पुढचे थोडक्यात. ऑक्टोबर 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. त्या लीगमध्ये खालून खेळून वर चढण्याची वाटच ठेवलेली नव्हती. जागा मिळे ती पैसे भरून. धेंपोने 2015-16 मध्ये दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून आपली जुनी जागा परत मिळवली, पण आय-लीगलाच खालच्या पायरीवर ढकलण्याचा बेत पाहून 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही क्लबांनी तिच्यातून अंग काढून घेतले. मैदानावर मिळवलेला हक्क कागदावर रद्द होतो, हे पाहून खाणमालकांनाही राग आला, ही त्या प्रकरणातील एकमेव करमणूक. 2022-23 पासून आय-लीग अधिकृतपणे दुय्यम श्रेणीत गेली. 2025 मध्ये, जिच्यासाठी हे सर्व केले ती सुपर लीगच व्यापारी करार संपत आल्यामुळे वेळेवर सुरू होऊ शकली नाही, आणि खेळाडूंनाच जाहीरपणे विनवण्या कराव्या लागल्या की, आम्हांला खेळू द्या.

रँटीने दोनशेहून अधिक गोल ज्या लीगमध्ये केले, ती लीग आज देशाच्या पहिल्या पायरीवर नाही. गोव्यातील कुठल्याही मैदानाबाहेर त्याचा पुतळा नाही, आणि त्याची गरजही नाही. आजच्या मेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात ठेक्यावरच्या कामगारांची यादी करण्याचा विषय आहे. यादी करताना कार्यकर्त्यांनी एवढे पाहावे की, गाव कोणते हा रकाना भरायचा राहिला तरी चालेल. नाव, कामाची जागा आणि थकलेली मजुरी हे तीन रकाने मात्र कोणाचेही रिकामे राहू नयेत, मग तो मारेगावचा असो, मंचेरियलचा असो वा बिलासपूरचा.